नगरपरिषदेची गाडी रोज सकाळी निघावी म्हणून: वाहनं आणि यंत्रं सांभाळण्याची पद्धत

नगरपरिषदेच्या वाहन विभागाचा कार्यभार हाती आला की पहिल्या आठवड्यात सगळे एकच विचारतात, एकूण गाड्या किती? त्याचं उत्तर जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे कार्यालयाच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, सापडतं. गावाला ज्या आकड्याशी मतलब आहे तो वेगळा: आज सकाळी त्यातल्या किती निघाल्या, आणि ज्या निघाल्या नाहीत त्या कधीपासून आणि कशासाठी उभ्या आहेत? हा आकडा रोज कागदावर यायला हवा आणि जबाबदार माणसानं तो रोज वाचायला हवा. पुढची सगळी पद्धत त्यासाठीच आहे.

उदाहरणासाठी ब वर्ग नगरपरिषद धरली आहे, म्हणजे 40 हजारांहून जास्त आणि 1 लाखापर्यंत लोकवस्तीचं गाव. अशा ठिकाणी घंटागाड्या असतात, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, एखादा कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणारी गाडी), जेसीबी, पाण्याचे टँकर, मैला उपसण्याचा टँकर, अग्निशमन बंब, वैकुंठरथ, पथदिव्यांसाठी शिडीगाडी आणि मुख्याधिकाऱ्यांची जीप. शिवाय जनरेटर, पाणी उपसायचे पंप, धूर फवारणीची यंत्रं, झाडं कापायच्या करवती. जिल्हा परिषद, महामंडळ किंवा एखादं शासकीय रुग्णालय असेल तर गाड्यांची नावं बदलतील, कामाची रीत तीच राहील.

आधी स्वतः जाऊन मोजा

नोंदवहीवरून यादी करायला बसू नका. सफाई विभागाचं आवार, पाणीपुरवठ्याची टाकी, अग्निशमन केंद्र, गावातली गॅरेजं आणि ठेकेदाराचा अड्डा, सगळीकडे स्वतः जा. सोबत एक लिपिक आणि एक जाणता चालक घ्या. प्रत्येक गाडीचा चेसिस नंबर डोळ्यांनी वाचा, त्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून छाप घ्या. नंबरप्लेट बदललेली असू शकते, चेसिस नंबर सहसा बदलत नाही. मग गाड्यांचे चार गट करा: धावती, दुरुस्तीला गेलेली, निकामी, आणि नोंदवहीत आहे पण सापडत नाही. चौथ्या गटाचा अहवाल त्याच आठवड्यात लेखी स्वरूपात मुख्याधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे. नंतर गेला तर जबाबदारी तुमच्या अंगावर येते.

मोजणीत एक गोष्ट नेमकी पाहा, आरसी बुक कुणाच्या नावावर आहे. आमदार निधी, जिल्हा नियोजनाचा निधी, स्वच्छता अभियान अशा वेगवेगळ्या वाटांनी गाड्या येतात. त्यातल्या काहींची आरसी वितरकाकडे पडून असते, काही दुसऱ्याच खात्याच्या नावावर राहिलेल्या असतात. अशा गाडीला अपघात झाला किंवा ती मोडीत काढायची वेळ आली की सगळं अडतं.

प्रत्येक गाडीला एक फाईल आणि एक माणूस

फाईलच्या पहिल्या पानावर गाडीची कुंडली: नोंदणी क्रमांक, चेसिस, इंजिन, पहिल्या नोंदणीची तारीख, इंधन, बीएस श्रेणी (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या मर्यादेचा टप्पा), टायरचं माप, बॅटरीचा नंबर आणि बसवल्याची तारीख, विमा, पासिंग (आरटीओची गाडी-तपासणी) आणि पीयूसीच्या मुदती. त्यामागे इतिहासपत्रक. त्यात आजवर काय बिघडलं, कुणी दुरुस्त केलं, किती खर्च आला, तेव्हा मीटर किती होतं, हे एका ओळीत एक नोंद असं लिहा. संगणकावर तक्ता करा, जरूर करा, पण कागदाची फाईलही ठेवा. स्थानिक निधी लेखापरीक्षणाला आलेली माणसं तीच मागतात.

प्रत्येक गाडीसमोर एका चालकाचं नाव हवं. पाळीत दोघं चालवत असतील तर दोघांची नावं आणि गाडी हातातून हातात जाताना दोघांच्या सह्या. "सगळ्यांची गाडी" असं जिथं आहे तिथं त्या गाडीचं इंजिन ऑइल कुणीच तपासत नाही, हे कोणत्याही आवारात जाऊन डिपस्टिक ओढून बघा.

सकाळचा तक्ता

सकाळी गाड्या सुटल्यानंतर अर्ध्या तासात हा तक्ता भरून झाला पाहिजे. रकाने मोजकेच ठेवा: गाडी, निघाली का, किती वाजता, नसेल तर कारण, कितवा दिवस. कारणाच्या रकान्यात "बंद" एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. कारणं आधीच ठरवून द्या: इंजिन, ब्रेक, टायर, बॅटरी, हायड्रॉलिक, चालक नाही, डिझेल नाही, कागद संपले, सुटा भाग मिळाला नाही, मंजुरी बाकी, गॅरेजचं बिल थकलं.

ही यादी महिनाभर प्रामाणिकपणे भरली की दिसतं की कित्येक गाड्या यंत्राच्या बिघाडानं उभ्याच नव्हत्या. गाडी दोन दिवसांत दुरुस्त झाली, पण मागचं बिल न मिळाल्यानं गॅरेजवाल्यानं ती सोडली नाही. किंवा चालक रजेवर आणि बदली चालक कुणी नाही. अशा उभ्या गाडीला मिस्त्री काय करणार? तिथं लेखापाल आणि आस्थापना विभाग लागतात. म्हणून हा तक्ता वाहन विभागाच्या कपाटात ठेवून उपयोग नाही, तो मुख्याधिकाऱ्यांच्या आढावा बैठकीत टेबलावर असला पाहिजे.

महिन्याचा हिशेब सोपा आहे. समजा 20 गाड्या आणि 30 दिवस, म्हणजे 600 गाडी-दिवस. त्यात 72 दिवस गाड्या उभ्या राहिल्या तर 528 दिवस मिळाले, म्हणजे 88 टक्के. पण एकूण टक्केवारीवर समाधान मानू नका. तीन गाड्या सलग 24 दिवस उभ्या असणं आणि 20 गाड्या अधूनमधून तीन-चार दिवस उभ्या असणं, दोन्हीत हिशेब जवळपास तोच येतो, दुखणं मात्र वेगळं. पहिल्यात निर्णय अडलाय, दुसऱ्यात रोजची देखभाल होत नाही.

काही वाहनं एक दिवसही बंद राहिलेली चालत नाहीत. बंब त्यातला पहिला. दुसरा मैला टँकर आणि जेटिंग यंत्र, म्हणजे दाबाच्या पाण्यानं तुंबलेलं गटार मोकळं करणारं यंत्र. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा कायदा 2013 चा आहे. सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्याची वेळ बऱ्याचदा तेव्हाच येते, जेव्हा यंत्र आवारात नादुरुस्त पडलेलं असतं आणि तक्रारदाराचा फोन थांबत नाही. यंत्र बंद असेल तर काम थांबवायचं, शेजारच्या नगरपरिषदेकडून टँकर मागवायचा. माणूस उतरवायचा नाही. त्यासाठी शेजारच्या दोन नगरपरिषदांशी परस्पर मदतीचं पत्र आधीच करून ठेवा, दर आणि संपर्कासह. बंबासाठीही तसंच.

लॉगबुक आणि डिझेल

लॉगबुक संध्याकाळी एकदम भरलं जातं, कित्येक ठिकाणी महिन्याच्या शेवटी. त्याचा काही उपयोग नाही. निघताना मीटर, परतल्यावर मीटर, कुठे गेली, किती खेपा, कुणाच्या सांगण्यावरून, हे त्या त्या वेळी लिहिलं गेलं पाहिजे आणि वापरणाऱ्या विभागाच्या माणसानं सही केली पाहिजे. घंटागाडीच्या लॉगबुकवर मुकादमाची, टँकरच्या लॉगबुकवर पाणीपुरवठ्याची, जेसीबीच्या लॉगबुकवर ज्या अभियंत्याकडे काम होतं त्याची. वाहन विभागानं स्वतःच चालवली म्हणायचं आणि स्वतःच सही करायची, ही रीत मोडा.

मीटर बंद असलेली गाडी ही सगळ्यात आधी दुरुस्त करायची गाडी. मीटर बंद म्हणजे सर्व्हिस कधी करायची ते कळत नाही, ॲव्हरेज कळत नाही, टायर किती चालला ते कळत नाही. आठवड्याची मुदत द्या, तेवढे दिवस अंतर जीपीएसवरून घ्या.

डिझेलसाठी टाकी-ते-टाकी ही पद्धत ठेवा. दर वेळी टाकी फुल करायची, पावतीवर मीटर लिहायचं, मधल्या अंतराला भरलेल्या लिटरांनी भागायचं. पाच-दहा लिटर टाकून गाडी सोडत राहिलात तर ॲव्हरेज कधीच खरं येत नाही. पावतीवर गाडी नंबर, तारीख, मीटर, लिटर आणि चालकाची सही. डिझेल गाडीच्या टाकीतच पडलं पाहिजे. पंप आणि जनरेटरसाठी कॅनमध्ये घ्यायचं तर त्याची पावती वेगळी, रंगही वेगळा.

आता मानक. कंपनीचं पुस्तक सांगतं ते ॲव्हरेज घंटागाडीला कधीच मिळत नाही, कारण ती दर पन्नास पावलांवर थांबते. म्हणून मानक स्वतः ठरवा. सर्व्हिस झालेली गाडी घ्या, टाकी फुल करा, तिच्या नेहमीच्या मार्गावर दोन-तीन दिवस चालवा, सोबत वाहन विभागाचा आणि लेखा विभागाचा माणूस बसवा, पुन्हा फुल करा आणि पंचनामा करून ठेवा. समजा हे मानक 13.5 किलोमीटर आलं. पुढच्या पंधरवड्यात गाडी 540 किलोमीटर फिरली आणि 45 लिटर लागलं, म्हणजे 12 चं ॲव्हरेज. मानकानुसार 40 लिटर पुरायला हवं होतं. पाच लिटरचा फरक.

हा फरक दिसला की लगेच चालकावर बोट दाखवू नका. आधी टायरमधली हवा पाहा, एअर फिल्टर पाहा, ब्रेक धरून राहिलेत का ते चाक उचलून हातानं फिरवून पाहा, मार्गात नवीन वस्ती जोडली गेली का विचारा. एवढं सगळं ठीक निघालं आणि फरक तरीही राहिला तर मग पुढची चौकशी. शंका आधी आणि तपासणी नंतर असा क्रम झाला की चांगले चालक बिघाड सांगायचं सोडून देतात, आणि ते नुकसान पाच लिटर डिझेलपेक्षा फार मोठं आहे.

किलोमीटरचं माप सगळ्यांना लावू नका. जेसीबी, जेटिंग, कॉम्पॅक्टर, शिडीगाडी आणि बंब ही वाहनं जागेवर उभी राहून डिझेल खातात, कारण पंप किंवा हायड्रॉलिक यंत्रणा गाडीच्याच इंजिनावर चालते. जेसीबीला तासामागे लिटर हेच माप. बाकीच्यांना तास-मीटर बसवून घ्या, खर्च किरकोळ आहे. कॉम्पॅक्टरला खेपेमागे लिटर हेही माप चालतं. हा फरक समजून न घेता ॲव्हरेज काढलं की प्रामाणिक चालकाला आक्षेपाचं उत्तर द्यावं लागतं.

जीपीएस बसवलेलं असेल तर रोज वीस मिनिटं कुणीतरी पडद्यासमोर बसणार का, हे आधी ठरवा. कुणी पाहत नसेल तर त्याचं मासिक भाडं वाया. दर आठवड्याला जीपीएसचं अंतर आणि मीटरचं अंतर शेजारी शेजारी लिहा. थोडा फरक राहणारच. तो एकाएकी वाढला तर यंत्र काढून ठेवलंय किंवा मीटर बिघडलंय.

देखभाल: कचरा, हायड्रॉलिक आणि बीएस 6

घंटागाडी इंजिनानं मरण्याआधी पत्र्यानं मरते. ओल्या कचऱ्यातून जे पाणी सुटतं ते आम्लधर्मी असतं. ते ट्रॉलीच्या सांध्यातून झिरपतं, चेसिसवर, वायरिंगवर, ब्रेकच्या पाइपांवर उतरतं. गाडी रिकामी करून तशीच उभी केली तर रात्रभर ते तिथंच राहतं. म्हणून खाली झाल्यावर रोज धुणं ही सगळ्यात स्वस्त देखभाल. त्यासाठी आवारात उताराचा रॅम्प, दाबाचं पाणी आणि ते पाणी जायला गटार हवं. गाडीखाली पाणी मारता आलं पाहिजे. समोरची काच चकचकीत करून भागत नाही. इलेक्ट्रिक घंटागाडी असेल तर दाबाचं पाणी बॅटरी आणि कनेक्टरवर मारायचं नाही, हे धुणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष दाखवून द्या. दर पावसाळ्याआधी ट्रॉलीचा तळ टोचून पाहा, गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करा, रंग द्या.

बीएस 6 गाड्या 1 एप्रिल 2020 पासून आल्या, आणि तेव्हापासून जुन्या सवयी महागात पडू लागल्या. त्यातली पहिली डीपीएफची. डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, तीच डीपीएफ. गाडी वेगानं, पुरेशी तापून चालली की ती काजळी जळून जाते. गल्लीबोळातून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरणाऱ्या गाडीत ती जळत नाही, साचते, दिवा लागतो आणि शेवटी इंजिन ताकद देणं बंद करतं. उपाय: दिवा लागला की त्याच दिवशी पुस्तकात दिल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवून आणा किंवा उभ्या गाडीत ती प्रक्रिया करा. मुकादमाला हे माहीत नसेल तर तो म्हणणार, गाडी हायवेला कशाला नेली? म्हणून हा फेरा लॉगबुकमध्ये अधिकृत कारण म्हणून लिहायची परवानगी द्या. नवी खरेदी करताना, गावातच फिरणाऱ्या छोट्या गाड्यांसाठी डिझेलऐवजी सीएनजी किंवा इलेक्ट्रिकचा विचार करा. सीएनजीचा पंप गावात आहे का, एवढं आधी पाहा.

दुसरी डीईएफची. मोठ्या बीएस 6 ट्रकांना डिझेलशिवाय हे द्रावण लागतं, त्यात 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी. टाकी संपली म्हणून नळाचं पाणी ओतणं किंवा खताचा युरिया कालवणं म्हणजे महागडी यंत्रणा हातानं खराब करणं. भरलेले डबे सावलीत ठेवा, साठा नोंदवा, डिझेलच्या पावतीशेजारी डीईएफचाही रकाना ठेवा. या गाड्यांचा बिघाड स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही. गावातला मिस्त्री कितीही हुशार असला तरी स्कॅनर नसेल तर त्याच्याकडे पाठवू नका.

हायड्रॉलिकचं तेल स्वच्छ राहिलं तर पंप वर्षानुवर्षं चालतो. टाकीचं झाकण उघडं, तेल उघड्या डब्यातून ओतलेलं, पाइपांना चिरा, असं असेल तर धूळ आत जाऊन सील खराब होतात. पाइपावर हात फिरवून गळती शोधायची नाही. दाबाखालचं तेल बारीक छिद्रातून कातडीत घुसतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा.

आणि एक गोष्ट प्रत्येक आवाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा: ट्रॉली उचललेली असताना टेकू लावल्याशिवाय खाली जायचं नाही. उचललेली ट्रॉली फक्त तेलाच्या दाबावर उभी असते. पाइप फुटला, कुणाचा हात लिव्हरला लागला, तर ती क्षणात खाली येते आणि खाली असलेल्या माणसाला वाचायला जागा नसते. प्रत्येक टिपरसोबत, म्हणजे ट्रॉली उचलून रिकामी होणाऱ्या गाडीसोबत, लोखंडी टेकू गाडीलाच बांधलेला असावा. तो आवारातल्या कोपऱ्यात पडलेला असेल तर कुणी आणायला जात नाही.

सर्व्हिसचं वेळापत्रक कंपनीच्या पुस्तकातून घ्या: रस्त्यावरच्या गाडीला किलोमीटरप्रमाणे, जेसीबीला तासांप्रमाणे. मात्र धूळ, चिखल, सततचं थांबणं या कामाला "कठीण वापर" म्हणतात आणि त्यासाठी पुस्तकात अंतर कमी दिलेलं असतं. ते वाचा. जेसीबीच्या पिन-बुशला ग्रीस रोज, काम सुरू करण्याआधी. टायरवर चार अंकी आकडा असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. गोदामात पडून म्हातारा झालेला टायर नवा म्हणून घेऊ नका. खाच मोठ्या गाड्यांना किमान 1.6 मिलिमीटर राहिली पाहिजे, दुचाकी-तीनचाकीला 0.8.

दुरुस्ती आणि बिलं

चालकानं बिघाड लेखी द्यायचा, छापील चिठ्ठी पुरेशी आहे. वाहन विभागानं त्याच दिवशी पाहायचं. छोट्या कामासाठी मुख्याधिकाऱ्यांनी विभागप्रमुखाला ठराविक रकमेपर्यंत अधिकार द्यावेत, म्हणजे पंख्याच्या पट्ट्यासाठी टिपणी वर जाऊन चार दिवस बसत नाही. वर्षाच्या सुरुवातीला मजुरीचा दरकरार करा आणि सुट्या भागांसाठी छापील किमतीवर सवलत ठरवून घ्या. दर वेळी तीन कोटेशनं गोळा करत बसलात तर गाडी उभीच राहते.

फिल्टर, पट्टे, होज पाइप, बल्ब, ब्रेक शू, एखादी बॅटरी, दोन टायर एवढं भांडारात असावं. नियम एकच आणि तो कडक पाळा: जुना भाग जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही. टायर आणि बॅटरीचा नंबर बिलावर आणि इतिहासपत्रकावर दोन्हीकडे लिहा. बिलाला जोडायचे कागद: बिघाडाची चिठ्ठी, कार्यादेश, भाग जमा केल्याची पावती, चालकाची "चालवून पाहिली" अशी सही. हे चार जोडलेले असले की बिल अडत नाही, आणि बिल वेळेवर गेलं की गॅरेजवाला पुढची गाडी आधी घेतो.

चालक

परवाना नुसता आहे एवढं पुरत नाही, कोणत्या वर्गाचा आणि कधीपर्यंत ते पाहा. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी हलक्या वाहनाचा परवाना चालतो, वेगळी नोंद लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 6 नोव्हेंबर 2024 रोजी दिला. छोट्या घंटागाड्यांचा प्रश्न त्यानं सुटतो. बंब, कॉम्पॅक्टर, मोठा टँकर यांना मात्र जड वाहनाचाच परवाना हवा. परवाना नसलेल्या माणसाला गाडी चालवू देणं हा मालकाचाही गुन्हा आहे, आणि इथं मालक म्हणजे नगरपरिषद. कामावर कमी माणसं आहेत म्हणून सफाई कामगाराला ट्रॅक्टरवर बसवण्याची प्रथा बंद करा. डोळ्यांची तपासणी वर्षातून एकदा करून घ्या. त्यांना पहाटे हात-पाय धुवायला पाणी, बसायला सावली आणि हातमोजे द्या. जो माणूस कचऱ्याची गाडी रोज पहाटे बाहेर काढतो त्याचं हे किमान देणं आहे.

पासिंग, विमा, पीयूसी

या तारखांसाठी भिंतीवर एक मोठा तक्ता आणि मोबाइलवर 45 दिवस आधीची आठवण. मालवाहू गाडीचं पासिंग पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. पीयूसी बीएस 4 आणि बीएस 6 ला वर्षाचं, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांचं. जेसीबी रस्त्यावर येत असेल तर त्याचीही नोंदणी लागते.

विम्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की सरकारी गाडीला विमा लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 मध्ये शासनाच्या गाड्यांना सूट आहे. स्थानिक संस्थेला ती आपोआप मिळत नाही. त्यासाठी शासनाचा आदेश आणि नुकसानभरपाईचा स्वतंत्र निधी लागतो. तो नसेल तर विमा उतरवाच. अपघातात कुणी दगावलं आणि विमा संपलेला असेल तर न्यायाधिकरणानं ठरवलेली भरपाई नगरपरिषदेच्या तिजोरीतून जाते. अपघात झालाच तर क्रम ठरलेला आहे: जखमीला दवाखान्यात, पोलिसांना कळवणं, विमा कंपनीला कळवणं, फोटो. हा क्रम प्रत्येक केबिनमध्ये चिकटवा.

ठेकेदाराकडे दिलेल्या गाड्या

घंटागाड्या नगरपरिषदेच्या आणि चालवणारा ठेकेदार, ही आता सर्रास पद्धत आहे. यात सर्वाधिक नुकसान ठेका संपताना कळतं. देताना चालत्या गाड्या दिल्या, परत आले ते सांगाडे. म्हणून ताबा देताना संयुक्त पंचनामा, चारही बाजूंचे फोटो, मीटर, टायरचे नंबर, बॅटरीचा नंबर, स्टेपनी, जॅक, सगळं लिहून सह्या. करारात लिहा की सर्व्हिस अधिकृत ठिकाणी, तिची पावती मासिक बिलासोबत. पावती नसेल तर त्या गाडीचं बिल नाही. दर तीन महिन्यांनी संयुक्त तपासणी. अनामत रक्कम शेवटच्या तपासणीनंतरच सोडायची. आणि ठेकेदाराच्या गाड्याही सकाळच्या तक्त्यात येतातच, गाव कचरा उचलला का एवढंच पाहतं.

चाकं नसलेली यंत्रं आणि वर्षाचं चक्र

प्रत्येक यंत्रावर नोंदवहीचा क्रमांक रंगवा. जनरेटर आणि पंप आठवड्यातून एकदा, भार देऊन, दहा-पंधरा मिनिटं चालवा. लागेल तेव्हा जनरेटर सुरू होत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा मेलेली बॅटरी असते. फवारणी यंत्र वापरून झाल्यावर धुतलं नाही तर औषध सुकून नोझल बसतं. बंबाची टाकी कायम भरलेली, पंप आठवड्यातून एकदा पाणी ओढून तपासलेला, होज वापरानंतर वाळवून गुंडाळलेले.

कामाचं चक्र ठरलेलं आहे, त्याआधी महिनाभर तयारी करा. टँकर जानेवारीत तपासून घ्या, कारण फेब्रुवारी-मार्चपासून मागणी सुरू होते. नालेसफाईसाठी जेसीबी एप्रिल-मे, म्हणून त्याची मोठी दुरुस्ती मार्चपूर्वी. पाणी उपसायचे पंप आणि करवती मेअखेर तयार. फवारणी यंत्रं पावसाच्या सुरुवातीला. गणेशोत्सवात विसर्जनासाठी क्रेन आणि ट्रॅक्टर गुंततात, तेव्हा कचऱ्याच्या ट्रॅक्टरची सोय आधी लावा.

पंधरा वर्षं, मोडीत काढणं, नवी खरेदी

1 एप्रिल 2023 पासून शासकीय वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण होत नाही. यात महापालिका, नगरपरिषदा, पंचायती, परिवहन उपक्रम, महामंडळं सगळे येतात. सूट आहे ती देशाचं संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठीच्या विशेष वाहनांना. गाडी कमी चालली आहे, इंजिन उत्तम आहे, ही कारणं यात चालत नाहीत. म्हणून पहिल्या नोंदणीच्या तारखेवरून आजच एक यादी करा: पुढच्या तीन वर्षांत कोणत्या गाड्या पंधरा पूर्ण करतात? प्रत्येकीच्या तारखेआधी दीड वर्ष नव्या खरेदीची हालचाल सुरू करा. तरतूद, सभेचा ठराव, मान्यता, जेमवरची (सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावरची) किंवा निविदेची प्रक्रिया, चेसिस, बॉडी बांधणी, नोंदणी या सगळ्याला तेवढा वेळ जातो.

राज्यातल्या खरेदीची कार्यपद्धती 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयात आहे. निविदा लिहिताना चेसिसची आणि बॉडीची हमी एकाच पुरवठादारावर टाका. नाही तर हायड्रॉलिक बिघडलं की चेसिसवाला बॉडीवाल्याकडे बोट दाखवतो आणि तो पंपवाल्याकडे. सर्व्हिस केंद्र किती अंतरावर आहे, सुटे भाग किती दिवसांत मिळतील, चालकांना प्रशिक्षण कोण देणार, हे गुणांकनात धरा. ओल्या-सुक्याचे कप्पे, गळती न होणारा तळ, खाली पाणी सोडायचा नळ, हे तांत्रिक तपशिलात लिहा.

मोडीत काढायची गाडी आवारात गंजत ठेवू नका. रोज तिच्यातला एखादा भाग कमी होतो आणि उरतो तो सांगाडा. गाडी बाजूला काढली त्याच दिवशी तिच्यावरच्या भागांची यादी करून फोटो घ्या. समितीकडून तपासणी, निर्लेखनाचा (नोंदवहीतून कमी करण्याचा) प्रस्ताव, सक्षम मान्यता, मग ई-लिलाव. पंधरा वर्षं झालेली गाडी नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्राकडेच गेली पाहिजे, नेहमीच्या भंगारवाल्याकडे नाही. केंद्राकडून ठेव प्रमाणपत्र (गाडी मोडणीसाठी जमा झाल्याचा दाखला) घ्या, आरटीओकडे नोंदणी रद्द करून घ्या, विमा बंद करा, जीपीएसचं सिम परत घ्या, डिझेलच्या यादीतून नंबर काढा. या सगळ्याच्या प्रती त्या गाडीच्या फाईलला लावल्या आणि जडवस्तू नोंदवहीत लाल शाईनं नोंद केली की फाईल अभिलेख कक्षात पाठवा.